सामन्यापूर्वीचा विजयोत्सव

जागतिक फुटबॉल स्पर्धेचे वर्ष उजाडले की गोव्यातील गावोगावी एक निराळाच ऋतू सुरू होतो. घरांच्या सज्ज्यांवर, तिठ्यांवर, वाड्यावाड्यांतील तरुणांच्या बैठकीच्या जागी परक्या देशांचे झेंडे फडकू लागतात. कोठे ब्राझीलचा हिरवा-पिवळा, कोठे पोर्तुगालचा तांबडा-हिरवा, तर कोठे अर्जेंटिनाचा आभाळी. बंगालमध्ये आणि केरळातही हाच प्रकार. २०२२ साली केरळातील पुल्लावूर या खेड्यात लोकांनी नदीच्या पात्रातच मेसी, नेमार आणि रोनाल्डो या खेळाडूंच्या अजस्र प्रतिमा उभ्या केल्या, आणि त्यांची छायाचित्रे जगभर झळकली. भारताचा स्वतःचा संघ या स्पर्धेच्या मुख्य फेरीत आजतागायत एकदाही उतरलेला नाही. तरीही हा उत्साह! मग ज्या देशाचा संघ खेळावयाचा असतो, आणि तोही स्वतःच्या अंगणात, तेथील जनतेची अवस्था काय होत असेल?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर १९५० सालच्या ब्राझीलने देऊन ठेवले आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात रिओ द जानेरो नगरीत जे घडले, त्याची कथा सामान्यतः एका सामन्याची कथा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती सामन्यापूर्वीच्या तीन दिवसांची कथा आहे. क्रीडारसिकाची उत्कंठा म्हणजे नेमके काय, तिची खात्री केव्हा होते, आणि त्या खात्रीचे मोल अखेर कोणाला चुकवावे लागते, हे त्या तीन दिवसांइतके स्वच्छपणे इतरत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

ब्राझीलच्या मनात ही आशा कशी रुजली, हे प्रथम पाहिले पाहिजे. १९३८ साली फ्रान्समध्ये झालेल्या स्पर्धेत ब्राझीलच्या संघाने तिसरा क्रमांक मिळविला. उपांत्य सामन्यात इटलीने त्यांना २-१ असे हरविले. परंतु आपला खेळ जगातील कोणाहीपेक्षा कमी नाही, किंबहुना तो अधिक रसीला आहे, असा विश्वास त्या देशास तेव्हापासून वाटू लागला. पुढे महायुद्ध आले. १९४२ व १९४६ च्या स्पर्धा झाल्याच नाहीत. १९४६ साली लक्झेंबर्ग येथे भरलेल्या परिषदेत पुढील स्पर्धेचे यजमानपद ब्राझीलला देण्यात आले. म्हणजे ज्या पिढीने १९३८ चा पराभव ऐन उमेदीत ऐकला होता, तिने बारा वर्षे वाट पाहिली होती. बारा वर्षांचे तप हे शब्द आपल्याकडे उगाच रूढ झालेले नाहीत. इतका काळ जपलेल्या आशेला सहजच व्रताचे रूप येते.

त्यातच त्या देशाची स्वतःविषयीची एक जुनी शंका मिसळली होती. ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली ती १८८८ साली. युरोपीय, आफ्रिकी व मूळ रहिवासी अशा नाना रक्तांच्या मिश्रणातून बनलेला आपला समाज ही आपली शक्ती की आपला कमीपणा, यावर तेथील सुशिक्षितांत कित्येक वर्षे वाद चालला होता. फुटबॉलच्या मैदानावर त्या वादाचे उत्तर सापडले आहे असे अनेकांना वाटे, कारण तेथे आदेमीर, झिझिन्यो आणि जाईर हे खेळाडू ज्या लयीने चेंडू खेळवीत ती लय त्या मिश्रणाचीच देणगी होती. तेव्हा १९५० ची स्पर्धा जिंकणे म्हणजे एक चषक मिळविणे एवढेच नव्हते. आपण मागासलेले नाही, याचा दाखला साऱ्या जगापुढे आपल्याच घरी मांडावयाचा होता.

आणि त्यासाठी घरही तसेच बांधण्यात आले. रिओमध्ये माराकाना या भागात, जेथे पूर्वी घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते, तेथे जगातील सर्वांत मोठे क्रीडागार उभारावयाचे ठरले. हे काम वादावाचून झाले नाही. कार्लोस लासेर्दा या राजकारणी पुरुषाने जागेस व खर्चास कडाडून विरोध केला. उलट मारिओ फिल्यो या क्रीडापत्रकाराने आपल्या लेखणीच्या जोरावर लोकमत अनुकूल करून घेतले. पुढे १९६६ साली त्याच्या मृत्यूनंतर त्या क्रीडागारास त्याचेच नाव देण्यात आले. २ ऑगस्ट १९४८ रोजी काम सुरू झाले, आणि १६ जून १९५० रोजी तेथे पहिला सामना खेळविला गेला. त्या दिवशी बांधकामाच्या पराती पुरत्या उतरल्याही नव्हत्या; सर्व काम पुरे व्हावयास १९६५ साल उजाडले. पण दोन वर्षांच्या आत दोन लाख माणसे सामावतील अशी वास्तू उभी राहिली, हे रिओच्या नागरिकाने डोळ्यांनी पाहिले होते. ज्याने एवढे बांधून दाखविले, त्याला चषक काय दुर्लभ, असे त्यास वाटले तर त्यात नवल कसले?

या स्पर्धेची रचना आजच्याहून अगदी निराळी होती, आणि ती समजल्याशिवाय पुढील कथा नीट उमजत नाही. सोळा संघ अपेक्षित होते. प्रत्यक्षात तेराच आले. ब्रिटिश गटात दुसरा क्रमांक आल्याने स्कॉटलंडने येणे नाकारले. पहिला आलो तरच जाऊ, असा त्यांचा बाणा होता. तुर्कस्तानाने माघार घेतली. त्या रिकाम्या जागांसाठी पोर्तुगालला विचारणा झाली, त्यानेही नकार दिला. आणि न आलेल्यांत एक नाव भारताचेही होते. ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला स्थान आपोआप मिळाले होते. इटली, स्वीडन व पॅराग्वे यांच्या गटात त्याचे नावही पडले होते. अनवाणी खेळण्यास बंदी होती म्हणून आपला संघ गेला नाही, अशी एक लोककथा आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. परंतु संघाचा त्या काळचा नायक शैलेन मन्ना याने पुढे स्पष्टच सांगितले की आपल्या धुरीणांना या स्पर्धेचे महत्त्वच वाटत नव्हते. त्यांच्या लेखी ऑलिम्पिक हेच सर्वस्व होते. लांबचा सागरी प्रवास आणि तयारीचा अभाव यांनी उरलेले काम केले. एका देशाने ज्या स्पर्धेसाठी जगातील सर्वांत मोठे क्रीडागार उभारले, त्याच स्पर्धेचे निमंत्रण दुसऱ्या देशाला सोडून द्यावेसे वाटले!

तेरा संघांचे चार गट पाडले गेले. त्यांतील चार विजेते पुन्हा आपसांत एकेक सामना खेळणार, आणि ज्याचे गुण अधिक तो जगज्जेता ठरणार. म्हणजे नियमाने पाहता अंतिम सामना असा नव्हताच. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. हा हिशेब लक्षात ठेवावयास हवा, कारण पुढे रिओच्या जनतेने तो फारच पक्का लक्षात ठेवला.

स्पर्धेचा आरंभ २४ जून रोजी झाला. ब्राझीलने मेक्सिकोचा ४-० असा फडशा पाडला. परंतु चारच दिवसांनी साओ पावलो येथील पाकाएम्बूच्या मैदानावर स्वित्झर्लंडसारख्या साधारण संघाने त्यांना २-२ असे बरोबरीत रोखले, आणि कालपर्यंत जयजयकार करणाऱ्या लोकांनी आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडविली. आता १ जुलैचा युगोस्लाव्हियाबरोबरचा सामना जिंकला नाही, तर यजमान पहिल्याच फेरीत बाहेर. या दोन-तीन दिवसांत ब्राझीलच्या जनतेने जे अनुभवले, ती खरी उत्कंठा. तीत आशा होती, पण पोटात भीतीचा गोळाही होता. त्या दिवशी दैवही यजमानांच्या बाजूस होते. युगोस्लाव्हियाचा कुशल खेळाडू मितिच याचे डोके मैदानात येण्याच्या वाटेवर एका लोखंडी तुळईवर आदळले. तो डोक्यास पट्टी बांधून मैदानात येईपर्यंत आदेमीरने पहिला गोल केलाही होता. ब्राझील २-० ने जिंकले.

यानंतर जणू बांध फुटला. ९ जुलै रोजी स्वीडनवर ७-१, त्यांपैकी चार गोल एकट्या आदेमीरचे. १३ जुलै रोजी स्पेनवर ६-१. या दुसऱ्या सामन्याला माराकानावर दीड लाखावर लोक होते. खेळ चालू असतानाच त्या अफाट समुदायाने माद्रिदच्या बैलझुंजीवरील एक जुने गाणे एकसुरात म्हणावयास आरंभ केला. गोव्यात ज्याला इंत्रूज म्हणतात, त्या कार्निव्हलच्या दिवसांतील हे विनोदी गाणे. स्पॅनिश प्रतिस्पर्ध्यांना चिडविण्यास त्याहून समर्पक दुसरे कोणते असणार? हजारो पांढरे रुमाल निरोपादाखल हवेत हालू लागले. ज्यांनी तो दिवस अनुभवला, त्यांच्या आठवणींत त्या सामन्याइतका आनंदाचा प्रसंग दुसरा नाही.

त्याच दिवशी साओ पावलो येथे दुसरा सामना चालला होता. तिकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. उरुग्वेचा संघ स्वीडनविरुद्ध मागे पडला होता, आणि शेवटच्या घटकेस कसाबसा ३-२ असा जिंकला. त्यापूर्वी स्पेनशी त्यांची २-२ अशी बरोबरी झाली होती. आता ब्राझीलचे गुण चार, उरुग्वेचे तीन. १६ जुलै रोजी या दोघांची गाठ पडावयाची होती. ब्राझीलला जिंकण्याचीही गरज नव्हती. बरोबरी पुरेशी होती.

येथेच त्या भावनेची जात बदलली. उत्कंठा या शब्दात मान वर करून पुढे काय आहे ते पाहण्याचा भाव आहे. पुढचे ठाऊक नसते म्हणूनच मान वर होते. १३ जुलैच्या रात्रीनंतर रिओने मान वर करणे सोडून दिले. ज्यांना ७-१ व ६-१ अशी धूळ चारली त्याच दोन संघांशी उरुग्वेला झुंजताना घाम फुटला होता. तेव्हा त्रैराशिक मांडले की उत्तर ठरलेले. लोकांनी ते त्रैराशिक मांडले, वृत्तपत्रांनी ते छापले, आणि पुढाऱ्यांनी त्यावर सही केली.

वृत्तपत्रांचा वाटा यात मोठा होता. ‘ओ मुंदो’ या रिओच्या पत्राने सामन्यापूर्वीच ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र छापून हेच जगज्जेते असे जाहीर करून टाकले. खेळाडूंची नावे कोरलेली सुवर्णपदके तयार झाली होती, विजयाचे गीतही रचून ठेवले होते, असे सांगितले जाते. आपल्याकडील बाजारातल्या तुरीची म्हण पोर्तुगीज भाषेत नसावी. असती तर तिची आठवण कोणीतरी करून दिली असती. पण ती ऐकावयास तरी कोण रिकामे होते?

पुढाऱ्यांचे तर विचारूच नये. ते वर्ष निवडणुकीचे होते. ३ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान व्हावयाचे होते. भावी जगज्जेत्यांशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची अहमहमिका लागली. संघाचे बिऱ्हाड तोवर शहराबाहेरच्या निवांत जागी होते. ऐन वेळी ते व्हास्को द गामा क्लबच्या साओ जानुआरियो मैदानावर, शहराच्या गजबजाटात हलविण्यात आले. मग उमेदवार, व्यापारी, हितचिंतक यांची रीघ लागली. सामन्याच्या दिवशी जेवणाच्या ताटावरून उठून खेळाडूंना भाषणे ऐकावी लागली, असे त्यांच्यापैकी काहींनी पुढे सांगितले. ज्यांचे पाय त्या दुपारी देशाचे भवितव्य ठरविणार होते, त्यांना दोन घास सुखाने खाता आले नाहीत ते त्यांच्या चाहत्यांमुळेच.

सावध व्हावे अशी चिन्हे नव्हती काय? भरपूर होती. दोनच महिन्यांपूर्वी, ६ मे १९५० रोजी, याच उरुग्वेने साओ पावलो येथे ब्राझीलला ४-३ असे हरविले होते; त्यानंतरचे दोन सामने ब्राझीलने जिंकले खरे, पण केवळ एकेका गोलाच्या फरकाने. १९४९ च्या दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत तर याच नाटकाची रंगीत तालीम होऊन गेली होती. ब्राझीलने सलग सहा सामने जिंकले होते, शेवटच्या सामन्यात पॅराग्वेशी नुसती बरोबरी हवी होती, आणि तो सामना रिओमध्येच ते १-२ ने हरले. तीन दिवसांनी पुन्हा खेळून त्यांनी पॅराग्वेला ७-० असे चिरडले, त्यामुळे आदला पराभव लोकांच्या स्मृतीतून पुसला गेला. आणि चालू स्पर्धेतच, २९ जून रोजी बेलो ओरिझोंते येथे, फुटबॉलची जन्मभूमी म्हणविणाऱ्या इंग्लंडला अमेरिकेच्या नवख्या संघाने १-० असे हरविले होते. हे सारे ठाऊक असलेला एक मनुष्य होता, तो म्हणजे संघाचा मार्गदर्शक फ्लाव्हिओ कोस्टा. उरुग्वेने ब्राझीलच्या खेळाडूंची झोप नेहमीच उडविली आहे, आणि आपली मुले विजयचिन्ह अंगरख्यावर आधीच शिवून मैदानात उतरतील की काय याची आपल्याला धास्ती वाटते, अशा आशयाचे उद्गार त्याने सामन्यापूर्वी काढले होते. पण संशयाचा सूर काढणाऱ्याला विवाहमंडपात कोण विचारतो?

उरुग्वेची स्थिती अगदी उलट होती. सबंध देशाची लोकसंख्या तेव्हा एकट्या रिओ शहराएवढी, सुमारे तेवीस लाखांच्या घरातली. तरीही १९२४ व १९२८ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके आणि १९३० ची पहिली जागतिक स्पर्धा या इवल्याशा देशाने जिंकली होती. त्यांच्या संघाचा नायक ओब्दुलियो व्हारेला हा धिप्पाड, मितभाषी, संकटात थंड राहणारा गृहस्थ. ‘ओ मुंदो’च्या त्या अंकाच्या प्रती त्याने आपल्या सोबत्यांपुढे स्नानगृहात पसरल्या, आणि सर्वांनी मिळून त्यांची यथेच्छ विटंबना केली, ही कथा उरुग्वेत घरोघरी सांगितली जाते. मैदानाकडे जाताना, बाहेर बसलेले लोक लाकडाचे आहेत, त्यांच्याकडे पाहू नका, असे तो म्हणाला, हीसुद्धा. कथा पुढे कितीही सजल्या असोत. रिओने जे छापले त्याचा उपयोग कोणी केला, हे त्यांतून चांगले समजते.

१६ जुलै १९५० चा दिवस रविवारचा होता. सामना दुपारी तीनचा, पण सकाळपासूनच माराकानाकडे लोकांचे लोंढे वाहू लागले. तिकिटे काढून आत गेलेल्यांची अधिकृत संख्या १,७३,८५०. एकूण जमाव सुमारे दोन लाखांचा मानला जातो. रिओच्या दर बारा माणसांमागे एक त्या दिवशी तेथे होता असे म्हणावयास हरकत नाही. उरलेले अकरा नभोवाणीला कान लावून बसले होते. नगरपाल आंजेलो मेंदेस द मोरायस यांनी ध्वनिक्षेपकावरून भाषण केले. काही तासांतच लक्षावधी देशबांधव ज्यांचा जगज्जेते म्हणून जयजयकार करणार आहेत त्या वीरांना त्यांनी वंदन केले, आणि क्रीडागार बांधून नगराने आपले कर्तव्य केले आहे, आता खेळाडूंनी आपले करावे, असेही बजाविले. स्तुती आणि वसुलीची नोटीस एकाच श्वासात!

सामन्याचे वर्णन थोडक्यात आटोपता येईल. पूर्वार्धात गोल झाला नाही, आणि कुजबुज सुरू झाली. उत्तरार्धाच्या दुसऱ्याच मिनिटास फ्रियासाने गोल केला आणि माराकाना दणाणून गेले. तेव्हा व्हारेला याने चेंडू काखेत मारला, सावकाश चालत इंग्लिश पंच जॉर्ज रीडर यांच्याकडे गेला आणि गोलाविषयी हुज्जत घालीत राहिला. गोल रद्द होणार नाही हे त्यालाही ठाऊक होते. त्याला गर्जना निवू द्यावयाची होती. ६६ व्या मिनिटास घिगिया हा चपळ खेळाडू उजव्या बगलेने बिगोदेला मागे टाकून धावला, त्याने चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. अद्यापही ब्राझीलच जगज्जेता होता, बरोबरी पुरेशी होती. पण लोक गप्प झाले. भीतीची सवयच मोडलेल्या समुदायाला भीतीचा पहिला झटका सहन होईना. ७९ व्या मिनिटास घिगिया पुन्हा त्याच वाटेने आला. आता हा मघासारखा चेंडू मध्ये देणार, अशा अटकळीने गोलरक्षक बार्बोझा पाऊलभर पुढे सरला. घिगियाने चेंडू जवळच्या खांबालगतच्या फटीतून आत मारला. २-१.

ज्यांच्या नावे तो चषक होता ते ज्यूल रिमे तेथे उपस्थित होते. सामना १-१ असा असताना ते पारितोषिक वितरणासाठी खाली जावयास निघाले. विजेत्या ब्राझीलसाठी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले भाषण त्यांच्या खिशात होते. ते बाहेर आले तो सारे निःशब्द. मानवंदना नाही, राष्ट्रगीत नाही. हातात चषक घेऊन ते गर्दीत एकटेच उभे. शेवटी व्हारेला दिसला, तेव्हा त्यांनी जणू चोरून द्यावा तसा चषक त्याच्या हाती ठेवला. त्या रात्री व्हारेला आपल्या पथकाच्या जल्लोषात न थांबता रिओच्या मद्यगृहांत गेला, आणि ओळखी-अनोळखी ब्राझिली माणसांना रडताना पाहून त्याला आपल्या विजयाचे वाईट वाटले, असे त्याने पुढे सांगितले.

आनंद सर्वांनी मिळून आगाऊ उपभोगला होता. दुःखाची वाटणी मात्र तशी झाली नाही. छायाचित्र छापणारे संपादक, जेवणावरून उठविणारे उमेदवार, ध्वनिक्षेपकावरील नगरपाल यांपैकी कोणालाही जबाब द्यावा लागला नाही. पराभवाचे खापर फुटले ते बार्बोझा, बिगोदे व जुव्हेनाल या तिघांच्या माथी. तिघेही कृष्णवर्णीय होते, हा योगायोग खासच नव्हे. मघाशी सांगितलेली ती जुनी शंका पराभवाच्या रात्री पुन्हा डोके वर काढून बसली. बार्बोझा हा त्या काळचा नाणावलेला गोलरक्षक. १९४८ साली व्हास्को द गामाला दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद मिळवून देणाऱ्यांत तो होता. यानंतर राष्ट्रीय संघातून तो केवळ एकदाच खेळला. उतारवयात तो म्हणत असे की ब्राझीलच्या कायद्यात मोठ्यांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, आपण मात्र पन्नास वर्षे भोगीत आहोत. एप्रिल २००० मध्ये तो निवर्तला. ब्राझीलने तोवर तो चषक चार वेळा जिंकला होता, तरी ही शिक्षा कोणी माफ केली नव्हती.

मारिओ फिल्योचा धाकटा भाऊ नेल्सन रोद्रिगेस हा मोठा नाटककार. त्याने १९५८ साली या मनोवृत्तीस नाव दिले, भटक्या कुत्र्याचा न्यूनगंड. जगापुढे आपण होऊनच शेपूट घालण्याची ही सवय १९५० च्या दुपारी पुन्हा उफाळून आली, असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्राझीलने प्रथम चषक जिंकला. त्या संघात सतरा वर्षांचा पेले होता. १९५० च्या जुलैत बाउरू गावी नभोवाणीपुढे रडणाऱ्या आपल्या वडिलांना नऊ वर्षांच्या याच पोराने वचन दिले होते की हा चषक मी तुम्हाला जिंकून आणीन.

२०१४ साली ही स्पर्धा पुन्हा ब्राझीलमध्ये आली. या खेपेस लोक पुरते भोळे नव्हते; आदल्याच वर्षी क्रीडागारांवरील खर्चाविरुद्ध लाखो नागरिक रस्त्यांवर उतरले होते. तरीही संघ जिंकू लागताच जुनी आशा उसळली, आणि ८ जुलै रोजी बेलो ओरिझोंते येथे जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे हरविले. घिगिया तेव्हा हयात होता. माराकानाला गप्प करणारी माणसे तीनच, पोप, फ्रँक सिनात्रा आणि आपण, असे तो मिस्कीलपणे म्हणे. १६ जुलै २०१५ रोजी, त्या सामन्याला बरोबर पासष्ट वर्षे झाली त्या दिवशी, त्याचा मृत्यू झाला.

१९५० पर्यंत ब्राझीलचा संघ पांढरा अंगरखा घालीत असे. पराभवानंतर तो रंगही अपशकुनी ठरला. १९५३ साली ‘कोर्रेइओ द मान्या’ या वृत्तपत्राने नव्या वेषासाठी स्पर्धा जाहीर केली. राष्ट्रध्वजातील चारही रंग वापरावयाचे एवढीच अट. ती जिंकली आल्दिर गार्सिया श्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने. हिरव्या काठाचा पिवळा अंगरखा, निळी विजार, पांढरे मोजे. आज गोव्याच्या बाजारात पोरांच्या अंगावर जो दिसतो, तो हाच. हा श्ली जागुआरांव या गावचा. तेथून पूल ओलांडला की पलीकडे उरुग्वे. एका देशात घर आणि दुसऱ्यात निम्मे मन, ही स्थिती बेळगावकडील वाचकांना निराळी समजावून सांगावयास नको. २०१८ साली त्याचे निधन झाले. ब्राझीलला तो जगप्रसिद्ध पोशाख देणारा हा गृहस्थ जन्मभर उरुग्वेच्या संघाचा चाहता होता.